पहाटेची वाट आणि हातातील विजेरी

मधुबनच्या धर्मशाळांमध्ये रात्री दोनच्या सुमारास दिवे लागतात. ओसरीवर काठ्यांचा आवाज होऊ लागतो, कोणी कानटोपी शोधते, कोणी आजींना हात देऊन पायऱ्या उतरवते. थोड्याच वेळात पर्वताच्या पायथ्यापासून वरच्या वळणांपर्यंत प्रकाशाच्या ठिपक्यांची एक लांब रांग हलू लागते. श्री सम्मेदशिखरजीच्या वंदनेस निघालेल्या यात्रेकरूंची ही रांग असते. झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील हा पारसनाथ पर्वत म्हणजे चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी. सुमारे नऊ किलोमीटर चढण, वरील टोंकांच्या वंदनेसाठी तितकेच चालणे आणि पुन्हा तितकीच उतरण, असा हा सत्तावीस किलोमीटरांचा दिवस असतो. ऊन चढण्यापूर्वी वर पोहोचावे म्हणून बहुतेक यात्रेकरू पहाटेपूर्वीच निघतात. त्यांतील पुष्कळ जण अनवाणी असतात.

अशा वाटेवर सुटलेला दगड, पायरीची तुटलेली कड, वाटेत आलेला एखादा लहानसा जीव यांपैकी काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे हातातील विजेरीवर ठरते. पाहून पाऊल टाकावे, ही शिकवण जैन घरांत लहानपणापासूनच मिळते. पण पाहण्यासाठी उजेड हवा आणि तो वाट संपेपर्यंत टिकायला हवा.

यात्रेच्या तयारीत मात्र विजेरीची आठवण बहुधा सर्वांत शेवटी होते. निघण्याच्या आदल्या दिवशी, खोक्यावर सर्वांत मोठा आकडा छापलेली विजेरी घाईने घेतली जाते. मग ती चार्जिंगला लागते ती मधुबनच्या खोलीत, गादीच्या शेजारी, सारे झोपलेले असताना. या दोन्ही सवयी सोडण्यासारख्या आहेत. पहिलीमुळे ऐन चढणीवर अंधार होऊ शकतो आणि दुसरीमुळे झोपेत आग लागू शकते.

खोक्यावरील मोठा आकडा

विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘ल्युमेन’ या एककात मोजतात. एके काळी घराघरांत असलेली, दोन मोठ्या सेलची आणि पिवळ्या बल्बची पत्र्याची विजेरी साधारण दहा ते वीस ल्युमेन प्रकाश देत असे. तेवढ्याच उजेडात शेतकरी रात्रीचे पाणी पाजत असत. मोबाईलचा दिवा साधारण चाळीस-पन्नास ल्युमेनचा असतो आणि साठ वॉटचा जुना बल्ब सातशे ते आठशे ल्युमेन देई. हे प्रमाण ध्यानात ठेवले, तर एका सेलवर चालणाऱ्या, तळहाताएवढ्या स्वस्त विजेरीवर ‘दहा हजार ल्युमेन’ छापलेले पाहून मनात शंका यायला हवी.

शंकेचे उत्तर साध्या गुणाकारात मिळते. आजच्या पुष्कळ विजेऱ्यांत ‘१८६५०’ या नावाचा लिथियम-आयन सेल असतो. त्याच्या नावातच त्याचे माप आहे: व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५ मिलिमीटर. त्याचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि क्षमता ३,००० मिलिअँपिअर-तास धरली, तर त्यात सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा साठते. चांगली एलईडी विजेरी एका वॉटमागे साधारण शंभर ल्युमेन प्रकाश देते. म्हणजे असा एक सेल हजार ल्युमेनचा उजेड तासभर किंवा शंभर ल्युमेनचा उजेड दहा तास देऊ शकेल. दहा हजार ल्युमेनसाठी शंभर वॉट लागतील. तसे खरोखर झाले, तर सेल सहा-सात मिनिटांत रिकामा होईल आणि विजेरी हातात धरवणार नाही इतकी तापेल.

सेलवरील आकड्यांनाही हाच न्याय लावावा. नामांकित उत्पादकांच्या १८६५० सेलची क्षमता साधारण २,००० ते ३,६०० मिलिअँपिअर-तासांच्या दरम्यान असते. त्याच मापाच्या सेलवर ९,९०० छापलेले असेल, तर तो आकडा खोटा समजावा. खरा सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. त्याहून पुष्कळ हलका भरणारा सेल घरात न आणणेच शहाणपणाचे.

आता शिखरजीची चढण या हिशोबात बसवून पाहावी. पहाटे तीनला निघाल्यास उजाडेपर्यंत सुमारे तीन तास लागतात. पायवाटेवर चालण्यासाठी १०० ते १५० ल्युमेनचा पसरट प्रकाश पुरतो. तीन तासांसाठी त्याला तीन ते साडेचार वॉट-तास ऊर्जा लागेल. म्हणजे एका चांगल्या सेलचा निम्मा भागही खर्च होत नाही. उरलेला निम्मा उतरणीसाठी राखीव राहतो आणि ज्येष्ठांबरोबर सावकाश उतरणाऱ्यांना संध्याकाळी त्याची खरी किंमत कळते.

जास्त ल्युमेन म्हणजे त्याच प्रमाणात जास्त दिसणे, असेही होत नाही. उजेड डोळ्यांना दुप्पट वाटावा, यासाठी ल्युमेन जवळपास चौपट करावे लागतात. अडीचशे आणि हजार ल्युमेनमध्ये डोळ्यांना जाणवणारा फरक दुपटीचा असतो. बॅटरीवरील भार मात्र चौपट होतो.

झोत किती दूर, किती वेळ

ल्युमेनखेरीज आणखी दोन आकडे पाहावेत: झोताचे अंतर आणि प्रकाश टिकण्याचा काळ. अमेरिकेत २००९ मध्ये विजेऱ्यांसाठी ‘एफएल-१’ हे मानक तयार झाले. त्यानुसार मोजमाप करणारे उत्पादक आपल्या खोक्यावर तसा उल्लेख करतात, आणि तो असला की आकड्यांची तुलना करता येते. तरीही त्या आकड्यांचा अर्थ समजून घ्यायला हवा. झोत दोनशे मीटर म्हटले, तर तेवढ्या अंतरावर जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोहोचतो. वस्तू नीट ओळखायची असेल, तर त्याच्या निम्मे अंतर धरावे. टिकण्याचा काळही असाच ताणलेला असतो. प्रकाश मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सारा वेळ त्यात धरलेला असतो. पुष्कळ तेजस्वी विजेऱ्या उष्णता आवरण्यासाठी काही मिनिटांतच आपला प्रकाश आपोआप कमी करतात. म्हणून सर्वोच्च पातळीच्या आकड्यापेक्षा मधल्या पातळीवर विजेरी किती तास चालते, हे विचारून घ्यावे.

लांब पल्ल्याचा बारीक झोत शेताच्या राखणीला उपयोगी पडतो. चालताना त्यामुळे पायापुढे एक झगझगीत वर्तुळ दिसते आणि त्याभोवतीचा अंधार अधिकच दाट होतो. चालण्यासाठी पसरट झोत हवा. तीन-चार पातळ्या असलेली विजेरी घरातही उपयोगी पडते. रात्री आजारी माणसाला औषध देण्यासाठी पाच-दहा ल्युमेन, वाटेसाठी शंभर-दीडशे आणि क्वचित दूरचे पाहण्यासाठी चार-पाचशे, एवढी सोय कुटुंबाला पुरेशी आहे. पावसाळी प्रवासासाठी ‘आयपीएक्स’ या खुणेपुढील आकडा पाहावा. ४ असल्यास उडणारे पाणी चालते. ७ असल्यास विजेरी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते.

विजेरी धरण्याचीही एक रीत आहे. ती कमरेच्या उंचीवर धरली, की दगडांच्या आणि खळग्यांच्या सावल्या पडतात व उंचसखलपणा कळतो. डोक्याला बांधलेल्या दिव्याने दोन्ही हात मोकळे राहतात, पण डोळ्यांच्याच रेषेत प्रकाश असल्याने सावल्या पुसट होतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. एका झोताने तो सराव क्षणात मोडतो. डोलीवाल्यांच्या डोळ्यांत प्रकाश गेला, तर खांद्यावरील माणसाच्या जिवाशीच गाठ पडते. झोत नेहमी जमिनीकडे असावा.

पांढरा उजेड, पिवळसर उजेड

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला, की दोन्ही मिळून पांढरा उजेड तयार होतो. कार्यक्षम निळा एलईडी घडवल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशाचा रंग ‘केल्विन’मध्ये सांगतात. ६,५०० केल्विनचा उजेड निळसर पांढरा असतो. ३,००० ते ४,००० केल्विनचा पिवळसर व सौम्य. धुक्यात निळसर उजेडाने डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो आणि मोतीबिंदू असलेल्या ज्येष्ठांना त्याचा अधिक त्रास होतो.

आणखी एक गोष्ट जैन वाचकांना विशेष महत्त्वाची वाटेल. कीटक निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. पिवळसर उजेड, गरजेपुरती पातळी आणि काम होताच विजेरी बंद करण्याची सवय, एवढ्याने पुष्कळ सूक्ष्म जीवांची होरपळ टळते. डोळ्यांना सुखावह आणि जीवांना कमी बाधक, असा हा एकच पर्याय आहे.

पोटातील बॅटरी

खेड्यांत आजही विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात. या बोलण्यात तथ्य आहे, कारण विजेरीचा गुण आणि धोका दोन्ही तिच्या पोटातील बॅटरीत असतात. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचे तीन प्रकार आपल्या घरांत आढळतात.

पहिला प्रकार शिसे-आम्लाचा. मागे दडलेल्या दोन पिना बाहेर सरकवून थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये लावायच्या स्वस्त विजेऱ्यांत अशी चार व्होल्टची बॅटरी पुष्कळदा असते. यांतील अनेक विजेऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे सॉकेटला लावलेली असताना आतील भागांत घरातील विजेचा पूर्ण दाब असू शकतो. अशी विजेरी फुटलेली असेल, तर ती सॉकेटला लावू नये आणि लावलेली असताना उघडू नये. ही बॅटरी रिकामी ठेवल्यास लवकर मरते. तिला महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करावे.

दुसरा प्रकार निकेल-मेटल हायड्राइडचा. पेन्सिल सेलच्या आकाराचे, १.२ व्होल्टचे हे सेल स्वभावाने शांत असतात. ठेवणीतही चार्ज टिकवून धरणारी त्यांची जात घ्यावी. त्यांच्यावर चालणाऱ्या विजेरीत अडचणीच्या वेळी दुकानातील साधे सेलही घालता येतात. ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी हीच निवड उत्तम. मात्र साधे, एकदाच वापरायचे सेल चार्जरमध्ये घालू नयेत. ते गळतात, प्रसंगी फुटतात.

तिसरा प्रकार लिथियम-आयनचा. १९९१ मध्ये तो प्रथम बाजारात आला आणि त्याच्या निर्मितीचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा हे त्याचे सामर्थ्य आहे. पण आतील द्रव ज्वालाग्राही असल्याने सेल बिघडला, तर ती ऊर्जा काही क्षणांत आगीच्या रूपाने बाहेर पडते. सेल किंवा बॅटरी घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आणि ‘आयएस १६०४६’ हा मानक क्रमांक पाहावा.

१४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण त्याचा दाब दुपटीहून अधिक असतो. साध्या विजेरीत, घड्याळात किंवा खेळण्यात तो चुकून गेला, तर वस्तू जळते. घरात असे सेल असतील, तर त्यांची डबी वेगळी ठेवावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे.

चार्ज कधी करावे, कोठे करावे

लिथियम सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. चांगला चार्जर तेथे आपोआप थांबतो. निकृष्ट चार्जर थांबेलच असे नाही. म्हणून विजेरीबरोबर आलेला किंवा त्याच प्रकारच्या सेलसाठी बनवलेला चांगल्या उत्पादकाचा चार्जरच वापरावा. तीन हजार क्षमतेच्या सेलला एक अँपिअरने भरण्यास तीन-चार तास लागतात. घाई करू नये.

चार्जिंग जागेपणी करावे. शहाबादी फरशी किंवा कडाप्प्याचा ओटा ही उत्तम जागा. गादी, उशी, सोफा, कागदांचा ढीग, देवघरातील वस्त्रे यांपासून विजेरी दूर असावी. बाहेर पडण्याच्या दाराशीही चार्जिंग लावू नये, कारण आग लागल्यास तीच वाट अडते.

यात्रेत नेमके उलटे घडते. धर्मशाळेच्या खोलीत एकच सॉकेट असते. त्याला जोडलेल्या एका बोर्डावर सहा मोबाईल आणि तीन विजेऱ्या लागतात, आणि रात्री आठला सारे झोपतात. याला सोपा उपाय आहे. चांगला लिथियम सेल पडून राहिल्यास महिन्याभरात थोडासाच उतरतो. म्हणून विजेऱ्या घरूनच, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी, दिवसा पूर्ण चार्ज करून न्याव्यात. मधुबनला पोहोचल्यावर त्यांना हात लावण्याची गरज उरत नाही आणि ते एकुलते सॉकेट संध्याकाळी मोबाईलसाठी मोकळे राहते. मोबाईलचा दिवा वाटेवर वापरू नये. चुकामूक झाली, तर मोबाईल चालू असणे अधिक गरजेचे ठरते.

सुटे सेल खिशात किंवा पर्समध्ये टाकू नयेत. किल्ली वा नाणे दोन्ही टोकांना टेकले, तर शॉर्टसर्किट होऊन सेल भडकू शकतो. लिथियम सेलचे संपूर्ण धातूचे कवच ऋण टोकाचाच भाग असते आणि वरच्या धन टोकाला त्यापासून जपते ते केवळ एक पातळ प्लास्टिकचे वेष्टन. ते फाटलेले दिसले, तर सेल वापरू नये. सुट्या सेलसाठी प्लास्टिकची डबी घ्यावी. ती वीस-तीस रुपयांची वस्तू फार मोलाची आहे. रांची किंवा कोलकात्यापर्यंत विमानाने जाणाऱ्यांनी सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातील सामानात ठेवावेत. चेक-इन सामानात त्यांना परवानगी नसते.

दोन-तीन सेलच्या विजेरीत जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. अशक्त सेल आधी संपतो, बाकीचे त्यातून उलटा प्रवाह ढकलतात आणि तो बिघडतो.

धोक्याची चिन्हे

सेल फुगणे, चार्ज होताना हात लावू न देण्याइतका तापणे, गोडसर किंवा रसायनासारखा वास येणे, पाणी शिरणे, जोरात आपटून पोचा पडणे, यांपैकी काहीही दिसले, तर त्या सेलचे आयुष्य संपले असे समजावे. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. अनेक महिने पडून पूर्ण उतरलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करून ‘जिवंत’ करण्याचा मोहही टाळावा.

सेलने पेट घेतलाच, तर प्रथम माणसांना खोलीबाहेर काढावे. शक्य असल्यास मुख्य बटण बंद करावे. आग लहान असेल आणि वीजपुरवठा तुटलेला असेल, तर सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतावे. येथे थंड करणे हेच मुख्य काम असते. चादर टाकून दडपण्याने आतील उष्णता कमी होत नाही. धूर विषारी असतो. तो कोंडलेल्या खोलीत पुन्हा शिरू नये. अग्निशमन दलासाठी १०१ किंवा ११२ हे क्रमांक घरातील लहानांनाही पाठ असावेत.

एक धोका आकाराने सर्वांत लहान आहे. किल्लीच्या साखळीला लावायच्या आणि खेळण्यातील छोट्या विजेऱ्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. बाळाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ज्या विजेरीचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती बाळाच्या हाती देऊ नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

निकामी सेल घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नयेत. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेल्यावर ते पेटतात आणि त्याची झळ सफाई कामगारांना बसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून सेल ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत.

यात्रेहून परतल्यावर लिथियमची विजेरी पूर्ण भरून ठेवू नये, पूर्ण रिकामीही ठेवू नये. निम्म्याच्या आसपास चार्ज असलेला सेल थंड, कोरड्या जागी अधिक काळ टिकतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती विसरू नये.

शिखरजीवर गौतमस्वामींच्या टोंकेजवळ पोहोचेपर्यंत पुष्कळदा उजाडू लागते. डोंगरांच्या कडा दिसू लागतात आणि रांगेतील ठिपके एकेक करून मावळतात. विजेरी पिशवीत ठेवताना तिचे मागचे झाकण अर्धा फेरा सैल करावे. मग पिशवीत बटण चुकून दाबले गेले, तरी ती लागत नाही, तापत नाही. पहाटेचा उजेड देऊनही तिच्यात निम्मे बळ शिल्लक असते, आणि मावळतीला शेवटचे वळण उतरणाऱ्या आजींच्या पावलांपुढे ते नेमके उपयोगी पडते.